दुखत नाही म्हणजे दात चांगला, असं नसतं

विट्यात माझा दातांचा दवाखाना आहे. खुर्चीत बसता बसता जवळजवळ प्रत्येक जण मला तेच सांगतो, "म्याडम, दुखत नव्हतं, म्हणून आलो नाही." दातांबद्दलचे जे गैरसमज मी रोज ऐकते, त्यातले बरेचसे याच एका समजुतीतून निघालेत. त्यामुळे सुरुवात तिच्यापासूनच करते.

दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण भाग. त्यात ना नस, ना रक्त. कीड तिथे खड्डा पाडत असते तेव्हा आपल्याला काहीही जाणवत नाही. ती आतल्या थरात उतरली की थंड-गोड लागून कळ यायला लागते. नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप जाते. आणि मग एखाद्या दिवशी ठणका आपोआप थांबतो. लोक म्हणतात, लवंगेनं बरं वाटलं. लवंगेच्या तेलानं कळ तात्पुरती बधिर होते हे खरं, पण ठणका असा कायमचा थांबला असेल तर बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते आणि मुळाच्या टोकाशी पू धरायला लागलेला असतो. जे काम सुरुवातीला एका बैठकीत सिमेंट भरून झालं असतं, त्याला आता रूट कॅनाल आणि कॅप लागते, नाहीतर दात काढावा लागतो.

म्हणून दुखण्याची वाट न बघता डोळ्यांनी बघायला शिका. एका संध्याकाळी, जेवणानंतर चुळा भरून झाल्या की घरातल्या प्रत्येकाचं तोंड तपासा. मोबाईलची बॅटरी पुरते. मुलाला आडवं करून त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घ्या आणि डोक्याच्या बाजूनं बघा. समोरून बघितलं तर मागच्या दाढा दिसत नाहीत. बोटानं गाल बाजूला करा. दाढेच्या खाचेत काळी रेघ आहे का, दोन दातांच्या मधे करडी सावली आहे का, हिरडीलगत पांढरा, निस्तेज पट्टा आहे का, हिरडीवर पुटकुळी आहे का, हे बघा. तो पांढरा पट्टा म्हणजे किडीची पहिली पायरी. तिथे अजून खड्डा पडलेला नसतो, आणि नीट ब्रश, फ्लोराईड आणि कमी गोड एवढ्यावर ती तिथेच थांबवता येते. पुटकुळी दिसली तर मात्र मूल रडत असो वा नसो, त्याच आठवड्यात दाखवा.

"दुधाचे दात पडणारच आहेत" हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपासून पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे पाच वर्षांच्या पोराची किडलेली दाढ त्याला अजून पाच-सहा वर्षं वापरायची असते. शिवाय ती खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवते. ती लवकर गेली की शेजारचे दात सरकतात आणि पुढे दात वेडेवाकडे येतात.

यातली सगळ्यात मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप येते. ती पक्की असते, जन्मभराची. दात पडला नाही म्हणून आई-वडिलांना वाटतं हीपण दुधाचीच. ती अर्धी वर आलेली असताना बाकीच्यांपेक्षा खाली असते, ब्रश तिच्यावरून नुसता जातो आणि तिच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा बसून राहतो. आठव्या-नवव्या वर्षी मूल माझ्याकडे येतं तेव्हा त्या दाढेचं नुसतं कवच उरलेलं असतं. आज रात्रीच बघा. दुधाच्या दातांत एका बाजूला मधल्या रेषेपासून मागे पाच दात असतात. सहावा दिसला तर तो हाच. त्याच्यावर ब्रश आडवा, गालाच्या बाजूनं घालून फिरवा, आणि दाताच्या डॉक्टरांना त्याच्या खाचा सीलंट लावून बंद करता येतील का ते विचारा.

तान्ह्या बाळाबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिरं होतं. पण दात आल्यामुळे जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ रांगतं, जमिनीवरचं हाताला लागेल ते तोंडात घालतं, जुलाब त्यातून लागतात. "दाताचे आहेत, थांबतील" म्हणत दोन दिवस काढले तर बाळाच्या अंगातलं पाणी जातं. पहिल्याच दिवशी ओआरएस सुरू करा, अंगावरचं दूध चालू ठेवा, बाळांच्या डॉक्टरांना दाखवा.

कीड हा प्रत्यक्ष किडा नसतो, हे आमच्या भागात अजून समजावून सांगावं लागतं. कीड काढायची म्हणून रिंगणीच्या बिया तापल्या तव्यावर टाकतात, नळीनं धुरी तोंडात घेतात, आणि खालच्या पाण्यात बारीक पांढरे वळवळीत धागे पडलेले दाखवतात. ते बियांच्या आतले वळलेले अंकुर असतात, उष्णतेनं बाहेर फुटलेले. माणूस बाजूला ठेवून नुसती ती धुरी पाण्यावर धरली तरी "किडे" पडतात. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ सालच्या आपल्या ग्रंथातच दातातल्या किड्याची ही कल्पना नाकारली होती. खरं कारण आपल्या तोंडातले जिवाणू. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. दात किती किडतो हे किती साखर खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली यावर जास्त अवलंबून असतं. जेवणानंतर खाल्लेला एक लाडू परवडला, पण दिवसभर थोड्या थोड्या वेळानं चहात बुडवलेला टोस्ट नको. गूळसुद्धा त्या जिवाणूंना साखरच. आणि रात्री बाटलीत गोड दूध देऊन बाळाला झोपवू नका, वरचे पुढचे चारही दात त्यानं जातात.

ब्रशबद्दल थोडक्यात. मऊ ब्रश घ्या. "जोरात घासलं की स्वच्छ" या समजुतीनं हिरडीजवळ दाताला खाचा पडतात, आणि राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी इनॅमल झिजतं. झिजलेलं इनॅमल परत येत नाही. ब्रश हिरडीकडे तिरपा धरा, बारीक हलवा, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री. रात्रीचा जास्त महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्ट मोठ्यांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ट्यूबवर फ्लोराईड १००० पीपीएम लिहिलेलं बघा. नंतर थुंका, पण पाण्यानं खळखळून सगळी पेस्ट धुऊन टाकू नका. फ्लोराईडची भीती काही लोकांना असते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे, दातांवर तपकिरी डाग पडतात, त्याचं मूळ पिण्याच्या पाण्यात आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेलं पाणी पिऊ नये. अशा गावात राहत असाल तर मुलांच्या पेस्टचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

हिरडीतून रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचाच बंद करणारे खूप भेटतात. तिथे मळ बसलाय म्हणूनच रक्त येतंय. हलक्या हातानं पण रोज घासा, एक-दोन आठवड्यांत कमी होतं. नाही झालं तर बहुतेक कीटण आहे. बंबाच्या आत क्षार धरतात तसं ते दाताला धरतं, घरच्या ब्रशनं निघत नाही. "क्लीनिंग केलं की दात हलतात" असं म्हणतात, ते असं: कीटणानं आतलं हाड आधीच खाल्लेलं असतं, हिरडी सुजून ते झाकून ठेवते. कीटण काढलं, सूज उतरली, की फट दिसते आणि दात हलतो हे जाणवायला लागतं. फट आमच्या यंत्रानं पाडलेली नसते. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात राहत नाही, म्हणून अशा माणसानं सहा महिन्यांनी दाखवायलाच हवं.

"वरचा दात काढला की डोळा जातो नव्हं?" नाही जात. दाताची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेकडून येते, दृष्टी दुसऱ्या. दोन्ही वेगळ्या. दुखणारा वरचा सुळा या भीतीनं वर्षानुवर्षं सांभाळू नका, त्यातला पू पसरला तर मात्र डोळ्याखाली सूज येते. गरोदर बाईचे दात "बाळ कॅल्शियम ओढून घेतं" म्हणून पडत नाहीत. त्या काळात हिरड्या जास्त सुजतात, उलट्यांतल्या आम्लानं दात झिजतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेक उपचार निर्धास्त करता येतात, फक्त गरोदर आहे हे आधी सांगा.

आता मिश्री. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजून, चुरून, घरोघरी बायका ती दाताला लावतात. दात दुखायचा म्हणून सासूनं दिली, आता लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, असं सांगतात. ते व्यसनच आहे. मिश्री हे मंजन नव्हे, तो तंबाखू आहे, त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो, आणि गरोदर बाईनं लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मतं. टूथपेस्ट-मंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? यंत्रमागावरची पोरं तंबाखू-सुपारीचा मावा खातात, त्यांचीही तीच गत. म्हणून घरात कोणी मिश्री लावत असेल, मावा खात असेल, तर त्याचं तोंड दर महिन्याला बघा. गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावेनाशी झालीत का. यातलं एकही आढळलं तर दुखत नसलं तरी दाखवा, कारण सुरुवातीला तो चट्टा दुखत नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००११२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

शेवटी अपघाताचं, कारण तिथे मिनिटांचा हिशोब असतो. मूल पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर "आता गेलाच" म्हणून टाकू नका. दात चघळण्याच्या बाजूनं धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा साध्या पाण्यानं पटकन धुवा, जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवून स्वच्छ रुमालावर चावायला सांगा. जमत नसेल तर कपभर दुधात टाका, पाण्यात ठेवू नका, आणि अर्ध्या तासाच्या आत दाताच्या डॉक्टरांकडे पोचा. निघतानाच फोन करा, म्हणजे आम्ही खुर्ची मोकळी ठेवतो. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते, नुसतं मुलाला घेऊन या.