विजय दिवस गावात साजरा करताना

१६ डिसेंबर १९७१ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या उपस्थितीत शरणागतीच्या करारावर सही केली आणि पाकिस्तानच्या बाजूचे सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. त्याची आठवण म्हणून १६ डिसेंबर हा विजय दिवस मानतात. त्या युद्धात उतरलेला सर्वांत तरुण जवानही आज सत्तरीच्या पुढे आहे. म्हणून आपल्या गावात विजय दिवस करायचा असेल, तर मंडप आणि शाल-श्रीफळाची चौकशी मागाहून करावी. आधी माणसे शोधावीत, आणि तेही निदान महिनाभर अगोदर.

नावे मिळवायला फार फिरावे लागत नाही. माजी सैनिकांना घरपट्टीत सवलत मिळते, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या दप्तरात काही नावे सापडतात. सरपंचांच्या सहीचे पत्र दिल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडूनही मदत होते. तरीही खरी यादी पारावरच पूर्ण होते, कारण निवृत्तीनंतर नाशिक-सुरतेला मुलाकडे राहायला गेलेला जवान कागदावर दिसत नाही, पण त्याच्या भाऊबंदांना त्याचा पत्ता पाठ असतो.

यादीत नावापुढे हुद्दा लिहिताना विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणण्याची सवय आहे. बोलण्यात ते मायेचे असते, फलकावर मात्र चुकीचे ठरते. आम्ही एका कार्यक्रमात हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या आप्पांच्या फोटोखाली ‘मेजर’ छापून घेतले होते. ते फलकासमोर बराच वेळ उभे राहिले, मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले, फौजेतल्या सेवेची नोंद असलेले डिस्चार्ज बुक काढले, हुद्द्याच्या ओळीवर बोट ठेवले आणि काही न बोलता ते पुन्हा गुंडाळून ठेवले. तेव्हापासून नाव, हुद्दा, पलटण आणि सेवेची वर्षे डिस्चार्ज बुकावरूनच उतरवून घ्यायची आणि छपाईपूर्वी ती घरच्यांना वाचून दाखवायची, असा नियम आम्ही केला.

यानंतर प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलावे. या तयारीतले सर्वांत मोलाचे काम हेच आहे आणि नेमके हेच बहुतेक ठिकाणी टाळले जाते. सोबत दोनच जण असावेत, त्यांपैकी एक शाळेतला मुलगा किंवा मुलगी असल्यास उत्तम, कारण नातवाच्या वयाच्या मुलांपुढे ही माणसे लवकर मोकळी होतात. बोलणे त्यांच्या बोलीत होऊ द्यावे, मग ती अहिराणी असो, लेवा बोली असो की पावरी. प्रमाण मराठीत आणण्याचे काम नंतर करता येते. ‘किती जणांना मारले?’ हा प्रश्न कोणीही विचारू नये. त्याऐवजी लहान प्रश्न विचारावेत: सुट्टीवरून परत बोलावल्याची तार कोणी वाचून दाखवली, भुसावळला गाडी किती वेळ थांबली, थंडीत अंगावर काय होते, घरी पहिले पत्र कधी पोहोचले. अशा प्रश्नांतून युद्ध आपोआप येते, आणि जिथे ते गप्प होतात, तिथे आपणही गप्प बसावे.

ते कोणत्या आघाडीवर होते, हेही विचारून ठेवावे. पूर्व आघाडीवर, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ११ डिसेंबरला टांगाईलजवळ हवाई छत्रीने उतरलेली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन किंवा जमालपूरला लढलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन यांतल्या जवानाला ढाक्याची आठवण जवळची वाटेल. पश्चिम आघाडीवरच्या जवानासाठी मात्र युद्ध एक दिवस नंतर, १७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजता शस्त्रसंधी झाल्यावर थांबले. निवेदकाने ‘ढाका जिंकणारे आमचे वीर’ अशी सरसकट ओळख करून दिली, तर राजस्थानच्या वाळूत उभा राहिलेला माणूस खाली मान घालून बसतो.

कार्यक्रमाची वेळ सकाळी दहा-अकराची ठेवावी. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी लवकर थंडी बोचते, आणि संध्याकाळी कापूस वेचून आलेली माणसे थकलेली असतात. ज्येष्ठांना घरून आणण्यासाठी गाडी, हात असलेल्या खुर्च्या, जवळच स्वच्छतागृह आणि सावली एवढे पुरे आहे. डीजे आणि फटाके नकोत. तोफखान्यात नोकरी केलेल्या अनेकांचे कान आधीच गेलेले असतात.

वीरमाता आणि वीरनारी यांना पहिल्या रांगेत बसवावे आणि दीपप्रज्वलन त्यांच्याच हस्ते करावे. औक्षणाला फक्त सुवासिनी बोलावण्याची पद्धत या दिवशी तरी बाजूला ठेवावी. जिच्या नवऱ्यासाठी आपण दोन मिनिटे उभे राहतो, तिलाच ताटापासून दूर ठेवणे शोभत नाही. ‘संग्राम मेडल’, ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ ही त्या युद्धाची पदके ज्यांच्याकडे असतील, त्यांना ती लावून येण्याची आठवण करावी. सैनिक स्वतःची पदके डाव्या बाजूला लावतो. दिवंगत सैनिकाची पदके घरच्यांनी लावायची झाल्यास उजव्या बाजूला लावण्याची रीत आहे. स्मृतिफलकाचे अनावरण असेल, तर फलक झाकायला साधे कापड घ्यावे. राष्ट्रध्वज त्यासाठी वापरणे ध्वजसंहितेला धरून नाही.

भाषणांचा क्रम उलटा करावा, म्हणजे आधी सैनिक आणि नंतर पाहुणे. पुढाऱ्यांना प्रत्येकी तीन मिनिटे दिली तरी ती दहा होतात, हे गृहीत धरूनच वेळ आखावी. ज्यांना बोलणे जमत नाही, त्यांची हकिकत सोबत गेलेल्या मुलाने वाचावी आणि त्यांनी फक्त उभे राहून सलाम घ्यावा. जेवणात हंगामाचे भरीत असावेच, पण मिरची बेताची घालावी आणि कळण्याच्या भाकरीबरोबर दात नसलेल्यांसाठी वरण-भातही ठेवावा.

आठ दिवसांच्या आत ती लिहिलेली हकिकत मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाच्या घरी न्यावी, समोर बसून वाचून दाखवावी आणि ते सांगतील त्या चुका तिथेच पेनाने दुरुस्त कराव्यात. दुरुस्त केलेली एक प्रत घरी, एक शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी.