स्पॉटिंग स्कोप घेताय? आधी ट्रायपॉडचे पैसे बाजूला काढा

बेळगावच्या आसपास खानापूर, जांबोटी, चंदगड साईडला आजकाल गवे नि पक्षी बघायला जाणारी पोरं वाढलीत आणि त्यातल्या निम्म्यांचा एकच प्रश्न असतोय, स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्यानं बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण) ६०एक्सचा, म्हणजे ६० पट मोठं दाखवणारा, घेऊ की ७५एक्सचा. यूट्यूबवर शोधायला गेलं की समोर येतात सगळे अमेरिकेतले एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) मारणारे शिकारी. त्यांचं बंदुकीचं सोडून द्या, आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपलाय, पण स्कोपच्या बाबतीत त्या लोकांचं ऐकण्यासारखं आहे. कारण कोलोरॅडोत बऱ्याच भागात एल्कच्या नराला एका शिंगावर निदान चार टोकं नाहीतर कपाळाजवळचं टोक निदान ५ इंचाचं असल्याशिवाय गोळी घालता येत नाही, आणि हे मोजायचं असतंय समोरच्या डोंगरावरनं. मग तो माणूस तासन् तास ट्रायपॉडला चिकटून बसतोय. आपल्याला फक्त बघायचंय, सांबर नर आहे का मादी, गव्यांच्या कळपात वासरं किती, धुपदाळच्या पाण्यावर बदकांच्या गर्दीत वेगळं काय बसलंय. पण काम तेच की, लांबचं बारीक बघणं.

माझं म्हणणं सरळ आहे. बजेट जे काय असेल त्यातला तिसरा हिस्सा तरी ट्रायपॉड आणि त्याच्यावरच्या हेडसाठी (स्कोप जिथं बसतो आणि फिरतो तो भाग) ठेवा, आणि उरलेल्यात स्कोप बसवा. लोक उलटं करतात, सगळे पैसे स्कोपात घालतात आणि खाली मोबाईलवाला हलका ट्रायपॉड लावतात, मग ४०एक्सला गवा बघायला गेलं की गवा कमी आणि भूकंप जास्त दिसतोय. स्थिर २५एक्सला जे कळतंय ते हलणाऱ्या ६०एक्सला कधीच कळत नाही.

आता एक्सचा हिशोब. स्कोपवर २०-६०x८० असं लिहिलेलं असतंय, म्हणजे झूम २० ते ६० आणि पुढच्या काचेची रुंदी ८० मिलिमीटर. ८० ला झूमनं भागा. २०एक्सला ४ मिमी येतात, ६०एक्सला १.३ च्या आसपास. डोळ्यापाशी येणारा उजेडाचा गोल एवढ्या रुंदीचा असतोय. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिमीच उघडी असते म्हणून चालून जातंय, पण गवा बाहेर येतो कधी, दिवस मावळताना नाहीतर उजाडताना, आणि त्यावेळी १.३ मिमीचा गोल म्हणजे अंधारच. ६० मिमीच्या स्कोपला ६०एक्स लावलं तर गोल १ मिमीचा, त्याबद्दल न बोललेलं बरं. म्हणून पश्चिमेकडं, म्हणजे कणकुंबी, चोर्ला, जांबोटी ह्या धुक्याच्या नि झाडीच्या पट्ट्यात २० ते ३०एक्सवरच नव्वद टक्के बघणं होतंय. वरचा झूम कधीतरी हवा थंड नि स्वच्छ असली तरच.

पूर्वेकडं गोकाक, सौंदत्ती साईडला वेगळाच त्रास. तिथं काळी जमीन, नांगरलेली रानं, ऊन वर आलं की जमिनीवरची हवा अशी थरथरते की कुठलाही महागडा स्कोप हात टेकतोय. लोकांना वाटतंय फोकस बिघडलाय, आणि गोल गोल फिरवत बसतात. फोकस ठीक असतोय हो, हवा गरम झालेली असते. इलाज म्हणजे सकाळी लवकर जा, झूम कमी करा, जमेल तेवढं जवळ जा आणि नांगरलेल्या रानावरनं बघण्यापेक्षा पाण्यावरनं किंवा गवतावरनं बघा, जरा उंचवट्यावर उभं राहिलात तर आणि बरं. घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात कांड्या करकोचे बघायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, दहा-अकराला घरातनं निघून काही दिसायचं नाही.

साईझचं म्हणाल तर गाडीतनं जाऊन तळ्याकाठी उभं राहणार असाल तर ८० च्या आसपासचा घ्या, चढ चढायचा असेल तर ५० ते ६५ चा. ८० वाल्या स्कोपचं वजन दीड-दोन किलो, त्याला पेलणारा ट्रायपॉड आणि हेड धरून आणखी अडीच-तीन किलो, वर पाणी नि डबा. वैजनाथच्या डोंगरावर हे सगळं घेऊन एकदा चढलं की पुढच्या वेळी स्कोप घरीच राहतोय. छोट्यात कोवाचा ५० मिमीचा आणि सेलेस्ट्रॉनचा हमिंगबर्ड ५६ मिमीचा मिळतोय, ९-२७एक्स झूमचा, हलके आहेत. स्कोपवर ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणारी काच, लिहिलंय का बघा. ईडी नसली की पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते आणि जास्त झूमला चित्र मऊ पडतंय. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे मागच्या काचेपासनं डोळा जेवढा लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतंय ते अंतर, १५ मिमीच्या वर पाहिजे, नाहीतर चष्मा काढ-घाल करण्यातच सांबर निघून जातंय. आणि वॉटरप्रूफ, आत नायट्रोजन भरलेला असाच घ्या, आपल्या पावसात दुसरं काही टिकत नाही.

वाकडा घ्यावा की सरळ ह्यावर लोक भांडतात. मी वाकड्याच्या बाजूचा. आयपीस, म्हणजे डोळा लावायची बाजू, ४५ अंशात वर असली की ट्रायपॉड खाली ठेवता येतोय, आणि जेवढा खाली तेवढा स्थिर, शिवाय उंच माणूस, बुटका माणूस, बारकं पोर सगळ्यांना एकाच उंचीवर बघता येतंय. सरळवाला गाडीच्या काचेला टेकवून बघायला बरा, आणि कड्यावरनं खाली दरीत बघायचं असेल तरी बरा. वाकड्याची एकच अडचण, जनावर सापडत नाही, तोंड खाली आणि स्कोप समोर. त्याला सोप्पी आयडिया, पुढच्या हूडवर, म्हणजे काचेपुढच्या नळीवर, एक केबल टाय आवळायचा आणि त्याची शेपटी वर उभी ठेवायची. डोळ्यानं शेपटी आणि जनावर एका रेषेत आणलं, झूम सगळ्यात खाली ठेवला की बरोबर सापडतंय. झूम नंतर वाढवा. आणि दुर्बीण गळ्यात पाहिजेच, आधी तिनं शोधायचं मग स्कोपनं बघायचं, नुसत्या स्कोपनं डोंगर धुंडाळत बसू नका, २०एक्सला हजार मीटरवर साधारण ३५-४० मीटर रुंदीचाच तुकडा दिसतोय.

ट्रायपॉडची दुकानात परीक्षा अशी. स्कोप लावा, झूम पूर्ण करा, समोरच्या गल्लीतली एखादी पाटी धरा आणि पायावर टिचकी मारा. पाटी एका सेकंदात शांत झाली तर घ्या. तीन सेकंद डुलत राहिली तर दुकानदार काय पण सांगू दे, ठेवून द्या. पाय कमी तुकड्यांचे आणि जाड, मधला दांडा काढायचाच नाही, तो वर केला की तीन पायाचा ट्रायपॉड एका पायाचा होतोय. उंची कमी पडली तर जाड तुकडे आधी उघडा, शेवटचा बारीक तुकडा आतच ठेवा. बसून बघितलं तर निम्मी कटकट संपली.

हेड फोटोवालं बॉल हेड घेऊ नका, जरा सैल केलं की स्कोप नाकावर पडतोय. व्हिडिओवालं फ्लुइड हेड घ्या, एक दांडी असलेलं. त्याचं टेन्शन एवढं ठेवा की बोटानं ढकललं की सरकलं पाहिजे आणि बोट काढलं की तिथंच थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर स्कोप पुढं-मागं सरकवून बॅलन्स करा, त्यासाठी स्कोप आणि हेडच्या मधे लांब प्लेट लागते. विकतची नाही मिळाली तर बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही मशीन शॉपवाल्याकडनं ६ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कापून, मधे खाच पाडून घ्या, स्क्रू पाव इंची २० आट्याचा, हे काम त्यांच्या डाव्या हातचं. मोबाईल अडॅप्टर लावला की मागचं वजन वाढतंय, परत बॅलन्स करावा लागतोय हे विसरू नका.

जागेवर गेल्यावर एक पाय जनावराच्या दिशेनं ठेवा आणि दोन पायांच्या मधे तुम्ही उभं रहा. उतारावर दोन पाय खाली, एक वर. जांभ्या खडकावर रबर ठेवा, शेताच्या बांधावर चिखल असेल तर पायाखाली सपाट दगड नाहीतर कौलाचा तुकडा द्या. वारा असेल, आणि राजहंसगडावर कधी नसतोय, तर बॅग मधल्या हुकाला अडकवा पण ती जमिनीला टेकलेली पाहिजे, लोंबकळत ठेवली तर बॅगच झोके घेऊन सगळं हलवते. आयपीसला डोळा दाबू नका, दांडीवरचा हात काढा, फोकस एका बोटानं. पुलावर उभं राहून बघत असाल तर ट्रक जाईपर्यंत थांबा. गाडीतनं बघताय तर इंजिन बंद, आणि दारावर टेकवायला जुन्या जीन्सच्या पायात सुकं सोयाबीन भरून शिवून टाका. तांदूळ भरू नका, पावसाळ्यात पोरकिडे होतात.

भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका, बाहेरच्या रस्त्यावरनं बघा. आणि कॅम्प भागात मराठा लाईट इन्फंट्रीच्या आसपास नाहीतर सांबऱ्याच्या विमानतळाकडं तोंड करून हे उपकरण उभं केलंत तर चौकशीला तयार रहा, पक्षी बघतोय म्हटलेलं लगेच कुणाला पटत नाही. स्कोपनं सूर्याकडं तर चुकून पण बघायचं नाही, डोळा कायमचा जातोय.

पावसाळ्यात घरी आल्यावर ओला स्कोप बॅगेत कोंबू नका. पंख्याखाली वाळवा, मग रबर रिंगच्या झाकणाचा हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेल आणि बारका ह्युमिडिटी मीटर, ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम केलं की परत वापरता येतंय. काचेवरची धूळ आधी ब्लोअरनं उडवायची, मग कापड, शर्टाच्या टोकानं पुसायचं नाही.