विकतची लायब्ररी मुक्तस्रोत करण्यापूर्वी

पैसे घेऊन दिलेली सॉफ्टवेअर लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड) मुक्तस्रोत करायची, म्हणजे कोणालाही वापरायला, बदलायला व वाटायला खुली करायची, तर कोड गिटहब या संकेतस्थळावर चढवून मोकळे व्हायचे, असा समज असतो. प्रत्यक्षात चढवण्याचे काम एका दुपारचे आणि तो कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे तपासण्याचे काम काही आठवड्यांचे असते. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांना व निपाणीच्या व्यापाऱ्यांना एकाच पावतीवर मराठी आणि कन्नड मजकूर छापता यावा म्हणून टिळकवाडीत आम्ही केलेली लायब्ररी खुली करताना हे चांगलेच कळले.

प्रथम कोडचा प्रत्येक भाग कोणी लिहिला, याची यादी करावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसल्यास, मालकाचा ठरतो; परंतु बाहेरच्या व्यक्तीकडून ठरावीक रकमेत लिहून घेतलेला कोड लेखी हस्तांतरणाशिवाय सहसा त्याच व्यक्तीचा राहतो. आमचा छपाईचा भाग एका विद्यार्थ्याने लिहिला होता आणि कागद काहीच नव्हता, ही चूक आमचीच. अशा व्यक्तीकडून हस्तांतरणपत्र घेताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत, कारण कलम 19 प्रमाणे मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षांची आणि प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता मानला जातो, तर मुक्त परवाना आपण साऱ्या जगाला देणार असतो.

त्यानंतर विकत घेतलेले घटक वेगळे काढावेत. बारकोडचा घटक किंवा फॉन्ट आपण वापरू शकतो, एवढ्याने तो वाटता येतोच असे नाही. फॉन्टच्या जागी ओपन फॉन्ट लायसन्स या वाटपाची मुभा देणाऱ्या परवान्याखालील फॉन्ट बसवणे सोपे पडते.

परवाना स्वतः लिहू नये; प्रचलित तयार परवान्यांतून निवडावा. ‘व्यावसायिक वापरास मनाई’ अशी ओळ घातली की तो मुक्तस्रोत राहत नाही. एमआयटी सर्वांत सुटसुटीत आहे, अपाची 2.0 मध्ये पेटंटची परवानगी स्पष्ट दिलेली आहे, आणि लायब्ररीत बदल करून ती वाटणाऱ्याने ते बदलही खुले करावेत असे वाटत असेल तर एलजीपीएल घ्यावा. पावत्यांच्या लायब्ररीला, माझ्या मते, एमआयटी पुरे.

गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनातला जुना इतिहासही सोबत जातो, हे विसरू नये. त्यातील पासवर्ड फिल्टर-रेपो या इतिहास साफ करणाऱ्या साधनाने काढले तरी ते बदलावेतच, आणि चाचणीसाठी ठेवलेल्या खऱ्या पावत्यांवरील गिऱ्हाइकांची नावे व जीएसटी क्रमांक बारकाईने शोधावेत. आमच्याकडे ते अगदी अनपेक्षित फायलींत सापडले.

गिऱ्हाइकाची परवाना-किल्ली (लायब्ररी चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक) तपासणारा सर्व्हर बंद करण्याआधी ती तपासणी काढलेली आवृत्ती जुन्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी. नाहीतर ऐन बाजाराच्या दिवशी त्यांच्या पावत्या अडतील. वर्षाची आगाऊ फी भरलेल्यांना उरलेल्या मुदतीत मदत देत राहावे.

शेवटी, जे फक्त आपल्या डोक्यात आहे ते चाचण्यांत आणि मराठी, कन्नड व इंग्रजी माहितीपत्रकात उतरवावे. उदाहरणार्थ, यूनिकोड या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत कन्नड ‘ळ’ देवनागरी ‘ळ’च्या बरोबर 896 स्थाने पुढे आहे आणि बहुतेक अक्षरे याच हिशेबाने बदलता येतात; पण ‘ऑ’च्या क्रमांकात 896 मिळवले तर कोणतेच अक्षर नसलेली रिकामी जागा येते. म्हणून ‘ऑफिस’मधील ‘ऑ’ कन्नडमध्ये ‘आ’ करावा, हा नियम आम्ही पहिल्याच चाचणीत लिहिला.