मातकट गुलाबी रंग लावताय? या चुका टाळा

तुळशीवृंदावनाच्या गेरूत भरपूर चुना कालवला तर जो रंग होईल, तो हा. दिसायला शांत, वागायला महानखरेल. आणि लोक तो निवडतात कसा, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, शेडकार्डावरचा बोटभर चौकोन बघून!

माझ्या मावसबहिणीनं पुण्यातल्या फ्लॅटचा हॉल असाच रंगवून घेतला. दिवसा छान दिसला. संध्याकाळी दिवे लावले आणि शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "कांजिण्या कुणाला झाल्यात?" भिंत हुबेहूब कांजिण्यांवर लावायचं गुलाबी कॅलामाइन लोशन दिसत होती. त्यात काकूंचा दोष नाही. कॅलामाइनचा गुलाबीपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, गेरूचा लालपणाही त्यामुळेच. बहीण लगेच रंगाऱ्याला परत बोलवायला निघाली. मी म्हटलं, थांब, आधी वर बघ. छताला 6500 केल्विनचे पांढरेफटक एलईडी होते. (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर.) त्या निळसर उजेडात रंगातली माती मरते आणि नुसता गुलाबी उरतो. चार दिवे बदलून 3000 केल्विनचे लावले, भिंत जागेवर आली. दुपारी पश्चिमेचं ऊन आलं की ती अजूनही नारिंगी होते, पण तेवढ्यासाठी आता पडदा आहे.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. सगळ्यात लहान डबा आणायचा, जाड ड्रॉइंगपेपरवर दोन हात मारायचे आणि एक दिवस वाळू द्यायचं. इमल्शन, म्हणजे भिंतींचा पाण्यात कालवायचा रंग, वाळल्यावर बहुधा गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर मत देऊ नये. मग तो कागद सकाळी आठला, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर वेगवेगळ्या भिंतींवर धरून बघायचा. फरशीजवळही धरा. हिरवट कोटा फरशीशेजारी गुलाबी आणखीच गुलाबी दिसतो. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांनी ऑफव्हाइट लावावा.

दुसरी चूक ओलीची. पावसाळा सरतो न सरतो तोच दिवाळीची घाई, आणि ओल्या भिंतीवर पुट्टी थापून रंग. पुट्टीनं ओल जात नाही, चार दिवस लपते. मग पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं. पांढऱ्या भिंतीवर ते कदाचित खपून जातील, मातकट गुलाबीवर पीठ सांडल्यासारखे दिसतात, मागोमाग पोपडे. मी भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून 24 तास ठेवते. काढताना त्यामागे भिंत दमट किंवा काळपट दिसली, तर रंगाऱ्याला नाही, प्लंबरला फोन. नवं प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस हात लावू नका. रंगारी "चालतंय ताई" म्हणेल. त्याचं चालतं, तो पैसे घेऊन गेलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. चकचकीत फिनिश नको, पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. मुलं लहान असतील तर धुता येणारं मॅट घ्या. चारही भिंती आणि छतही गुलाबी करू नका, खोली बर्फीच्या डब्यासारखी वाटते. एकाच खोलीचे डबे आधी मोठ्या बादलीत एकत्र करा, मशीननं कालवलेल्या दोन डब्यांतही उन्नीस-बीस असतं. आणि शेडचा कोड असलेलं लेबल फेकू नका, फोटो काढून ठेवा. सोफा सरकवताना पहिला ओरखडा पडेल, तेव्हा तोच शोधत बसाल.