प्राचीन धर्म-दर्शनांचा अभ्यास करताना या चुका टाळा

दर रविवारी बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या घरी दर्शनं, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखा, शिकायला मुलं येतात. चुका वर्षानुवर्षं त्याच. सगळ्यांत घातक म्हणजे मोबाइलवर आलेला एका पानाचा तक्ता घोकणं: आधी वेद, मग उपनिषदं, मग बुद्ध-महावीर, मग षड्दर्शनं. जणू एक गाडी सुटल्यावरच दुसरी फलाटाला लागते!

असाच तक्ता पाठ केलेल्या एका मुलाला मी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं. तिथे बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. पहिले तीर्थंकर ऋषभनाथ यांच्या मूर्तीपुढे तो ठामपणे म्हणाला, "सर, हा बुद्ध. जैन मूर्तीला वस्त्र नसतं." मी म्हटलं, "खांदे बघ." खांद्यांवर जटा उतरल्या होत्या, ती ऋषभनाथांची खूण. "आता कापड बघ." छाती उघडी, कमरेखाली धोतर. बुद्धाचं चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, खांद्यावरून येतं. पुढे मुकुट-दागिने घातलेल्या जीवंतस्वामींना त्याने विष्णू ठरवलं. ते दीक्षेपूर्वीचे राजपुत्र महावीर.

त्याच्या तक्त्यात 'जैन धर्म' हा एकच चौकोन होता. मथुरेतले कुषाणकाळातले उभे तीर्थंकर निर्वस्त्र आहेत आणि पाचव्या-सहाव्या शतकातल्या या मूर्तींना धोतर आहे. श्वेतांबर-दिगंबर भेद धातूत उतरलेला इथे डोळ्यांनी दिसतो. तेव्हापासून माझ्याकडे नवीन आलेल्याला आधी म्युझियम, मग वही.

'सहा दर्शनं' ही यादी अनादि समजू नका. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींच्या 'षड्दर्शनसमुच्चया'तले सहा असे: बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक, जैमिनीय (म्हणजे मीमांसा). आजच्या नेहमीच्या यादीतला योग नाही, वेदान्तही नाही! यादी कोणी केली हे विचारल्याशिवाय ती उतरवून घेऊ नये.

'हीनयान' हे बौद्ध पंथाचं नाव म्हणून लिहू नका. ती विरोधकांनी दिलेली हिणवणी आहे.

बुद्धाच्या जन्माचं एकच साल छातीठोकपणे सांगू नका. ते निर्वाणावरून मागे मोजतात, आणि श्रीलंकेची परंपरा निर्वाण अशोकाच्या अभिषेकाआधी २१८ वर्षं धरते, दुसरी परंपरा जेमतेम शंभर.

पोथीचं वय म्हणजे ग्रंथाचं वय नव्हे. हे मी दर रविवारी सांगतो.

आणि एकाच बाजूचं वाचून दुसरीवर निकाल देऊ नका. दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहणाऱ्यांची ही हमखास सवय, आणि मला तिचा खरोखर त्रास होतो. माझ्या वहीत पानाला मधोमध रेघ असते: डावीकडे कोण काय म्हणतो, उजवीकडे तो कोणाला उत्तर देतो. उजवी बाजू कोरी राहिली तर ते पान मला समजलेलं नाही असं मी धरतो. सुरुवात शांतरक्षितांच्या 'तत्त्वसंग्रहा'ने करा. आठव्या शतकातल्या या बौद्ध आचार्यांनी मीमांसक कुमारिल आणि नैयायिक उद्द्योतकर या प्रतिपक्षांचं म्हणणं सविस्तर मांडून मग खोडलं आहे. तिबेटला गेलेल्या या आचार्यांच्या ग्रंथाची संस्कृत पोथी जैन ग्रंथभांडाराने जपली, आणि १९२६ मध्ये तो आपल्या बडोद्यातच गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये छापून निघाला.