घरच्या फळीवर पाचोरा–जामनेर: छोटा रेल्वे लेआउट कसा करावा

घरी मॉडेल रेल्वेचा लेआउट करायचा म्हटले की बहुतेक जण डोंगर, बोगदा आणि पूल यांच्यापासून सुरुवात करतात आणि रुळांकडे अगदी शेवटी वळतात. डोंगर कसाही झाला तरी चालतो, पण गाडी दर फेरीला त्याच जोडावर अडखळू लागली, तर महिनाभरात सगळी फळी माळ्यावर जाते. खान्देशातल्या माणसाला बोगद्याची गरजही नाही. काळी सपाट जमीन, कपाशीच्या ओळी, दोन-चार बाभळी आणि त्यांच्यातून जाणारी एकेरी लाइन एवढे दृश्य पुरेसे असते.

म्हणूनच भुसावळचे यार्ड चार फुटांत बसवण्याचा अट्टहास सोडून पाचोरा–जामनेर लाइन निवडावी, असे माझे ठाम मत आहे. ५६ किलोमीटरची, ७६२ मिलिमीटर गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) ही लाइन, म्हणजेच पीजे, २०२० पर्यंत धावत होती, त्यामुळे तिची छायाचित्रेही भरपूर मिळतात. दुसरे कारण मापाचे आहे. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि एन गेज या छोट्या मॉडेल-मापाचा तयार रूळ बरोबर ९ मिलिमीटरचा असतो. याउलट आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ लागतो आणि बाजारात एचओ या १:८७ च्या मॉडेल-मापाचा साडेसोळाचा मिळतो, म्हणजे गाडी कितीही देखणी असली तरी तिच्याखालचा रूळ अरुंदच दिसतो. तेव्हा रूळ एन गेजचे घ्यावेत, आणि इमारती, माणसे व झाडे १:८७ ची करावीत.

फळीसाठी १२ मिलिमीटर जाडीचे, चार फूट बाय अडीच फुटांचे प्लायवूड घेऊन सुताराकडून खाली लाकडी पट्ट्यांची चौकट मारून घ्यावी. स्वस्त पडते म्हणून एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घेऊ नये, कारण खडी चिकटवताना पडणाऱ्या पाण्याने ते फुगते. फळीवर ३ मिलिमीटरचा कॉर्क चिकटवावा आणि त्यावर २८० मिलिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे व त्यांना जोडणाऱ्या दोन सरळ रेषा पेन्सिलीने आखाव्यात. चारही बाजूंना सुमारे चार इंच जागा उरते.

आता रूळ टाकणे. या कामात मी बराच काळ चाचपडलो आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

लवचीक रूळ साधारण ९१४ मिलिमीटर लांबीचे मिळतात आणि आपल्या आखणीला तीन लांब्या पुरतात. अर्धवर्तुळाची लांबी सुमारे ८८० मिलिमीटर असल्याने एका लांबीत एक पूर्ण वळण बसते आणि दोन्ही टोकांना थोडा सरळ भाग उरतो. याचा अर्थ वळणाच्या मधोमध जोड घेण्याचे काहीही कारण नाही. लवचीक रुळाचे टोक सतत सरळ होऊ पाहते, त्यामुळे वळणातल्या जोडावर कोन पडतो आणि इंजिनाचे पुढचे चाक नेमके तिथेच रुळावर चढते. जोडपट्टी (दोन रुळांची टोके जोडणारी धातूची छोटी पट्टी) घट्ट दाबली की हे टळते, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे.

तिसऱ्या लांबीचे दोन समान तुकडे करावेत. मग वळणाची एक लांबी आणि एक तुकडा टेबलावर सरळ रेषेत जोडून तो जोड सोल्डर करावा (कथिलाचा डाग द्यावा) आणि त्यानंतरच रूळ वाकवावा. असे केल्याने जोड ताठ राहतो आणि कोन पडत नाही. वाकवताना दोनपैकी जो रूळ स्लीपरांवर मोकळा सरकतो, तो आतल्या बाजूला येऊ द्यावा. अर्धवर्तुळात आतला रूळ बाहेरच्यापेक्षा सुमारे २८ मिलिमीटर पुढे येतो. तेवढा जादा भाग रेल कटरने कापून टोक कानशीने घासावे आणि कापलेल्या कडेवरून नख फिरवून पाहावे. नखाला अडकले तर चाकालाही अडकणारच.

असे इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे दोन भाग तयार होतात. ते जिथे एकमेकांना भेटतात, ते दोन जोड मात्र सरकते ठेवावेत, कधीही सोल्डर करू नयेत. परदेशी मार्गदर्शकांमध्ये सगळेच जोड पक्के करण्याचा सल्ला आढळतो. थंड, एकसारख्या तापमानाच्या खोलीत तो चालत असेल, आपल्याकडे चालत नाही. जळगाव-भुसावळकडे जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत घरातल्या घरातसुद्धा तीस-पस्तीस अंशांचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्या फरकाने सव्वा मीटरचा निकेल-सिल्व्हरचा रूळ सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतो. त्याला वाढायला जागा मिळाली नाही, तर तो बाजूला फुगतो आणि गेज बिघडते. उन्हाळ्यात खऱ्या लाइनवर गँगमनची गस्त वाढवतात, तीही याच कारणासाठी.

फट मोजायला एटीएम कार्ड उत्तम. त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच असते. काम हिवाळ्यात करत असाल तर सरकत्या जोडात कार्ड बसेल एवढी फट ठेवावी, पावसाळ्यात त्याच्या निम्मी ठेवावी, आणि भर मे महिन्याच्या दुपारी करत असाल तर वहीच्या कागदाएवढी फट पुरेशी आहे. हाच लेआउट पत्र्याच्या खोलीत ठेवणार असाल तर कोणतीच फट पुरणार नाही. त्यासाठी खोली बदलावी.

सरकता जोड वीज नेईल, या भरवशावर राहू नये. जोडपट्टीत धूळ जाते, धातूवर गंज-मळ चढतो, आणि काल धावणारी गाडी आज अर्ध्या फळीवर थांबते. म्हणून दोन्ही भागांच्या प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र तार द्यावी. बाहेरच्या रुळाला लाल, आतल्याला काळी, हा नियम शेवटपर्यंत मोडू नये. फळीखाली घरगुती वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची तार फिरवून या सगळ्या तारा तिला जोडाव्यात आणि तिथून १२ व्होल्ट डीसीच्या कंट्रोलरला न्याव्यात.

सोल्डरिंगला २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. रुळाची बाहेरची बाजू कानशीने चकचकीत करावी, रुळाला आणि तारेला आधी वेगवेगळा सोल्डरचा पातळ थर द्यावा, आणि मग दोन्ही एकत्र टेकवून दोन सेकंदांत आयर्न उचलावे. शेजारच्या स्लीपरांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत, नाहीतर प्लास्टिक वितळून रूळ मोकळा होतो. फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ) राळेचा वापरावा. पत्र्याच्या कामाचे आम्ल काही जण सुचवतात, पण ते काही महिन्यांत तार खाऊन टाकते. प्रत्येक तारेनंतर मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही रुळांमध्ये शॉर्ट नाही ना, हे तपासावे. सगळ्या तारा लावून झाल्यावर शॉर्ट शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे आहे.

पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) पहिल्या लेआउटला एकच ठेवावा, तोही इन्सुलेटेड क्रॉसिंगचा (ज्याच्या क्रॉसिंगमधून वीज जात नाही असा) आणि सरळ भागात, सरकत्या जोडाच्या शेजारी. तो सोल्डर करू नये, कारण पुढेमागे बदलावा लागतो. त्याला आणि सायडिंगला (बाजूच्या फाट्याला) तारा मात्र स्वतंत्र द्याव्यात. रूळ खिळ्यांनी न ठोकता अ‍ॅक्रिलिक सीलंटच्या पातळ थरावर बसवावेत. ते थोडे लवचीक राहते आणि गरज पडल्यास पटाशीने रूळ सुटा करता येतो. सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सीलंट अजिबात लावू नये.

त्यानंतर इंजिन सर्वांत कमी वेगाने तासभर फिरवावे. जोरात पळणारी गाडी खराब जोड वेगाच्या भरात ओलांडून जाते आणि तुमची दिशाभूल करते. सरपटत जाणारे इंजिन जिथे थबकेल, तिथे पेन्सिलीने खूण करावी. सगळ्या खुणा निस्तरल्याशिवाय खडीला हात लावू नये.

खडी विकत आणू नये. आपल्या काळ्या दगडाच्या क्रशरवरची बारीक कच मैद्याच्या चाळणीतून चाळली की हवी तशी खडी मिळते. रेल्वेची खडी सर्वसाधारणपणे २० ते ६५ मिलिमीटरची असते, म्हणजे १:८७ ला पाव ते पाऊण मिलिमीटर. मात्र एक गोष्ट विसरू नये. काळ्या दगडात मॅग्नेटाइट असते. जुन्या स्पीकरचे चुंबक कागदात गुंडाळून कचीवरून फिरवले की कागदाला खाली काळी लव फुटल्यासारखे कण उभे राहतात. हेच कण इंजिनाच्या मोटरमध्ये गेले की मोटर संपली. चुंबकाला काहीच लागेनासे होईपर्यंत कच पुन्हा पुन्हा तपासावी. पुढे शेतासाठी काळी माती वापराल तेव्हा तिलाही हीच परीक्षा लावावी, कारण तीही त्याच दगडाची आहे.

कच मऊ ब्रशने पसरून, भांड्याच्या साबणाचे थेंब घातलेल्या पाण्याचा हलका फवारा मारावा आणि फेविकॉलचे पातळ पाणी ड्रॉपरने सोडावे. पॉइंटच्या हलत्या पात्यांपाशी आणि सरकत्या जोडांपाशी कोरडी कचच राहू द्यावी. एन गेजचे स्लीपर नॅरोगेजच्या मानाने फार जवळजवळ असतात, तेव्हा ते खडीत आणि मातीत निम्मे बुडवावेत.

काळी माती जाड थरात लावली की वाळताना तडकते, म्हणून कागदाएवढे थर एकावर एक द्यावेत. कपाशीच्या ओळी एक-सव्वा सेंटिमीटर अंतरावर ठेवाव्यात. झाडांना वाळक्या काटक्या चालतात, आणि इमारतीला पुठ्ठा. स्टेशनची पाटी पिवळी असावी, अक्षरे काळी, आणि नाव मराठी, हिंदी व इंग्रजीत.

पीजेचे तयार इंजिन दुकानात शोधत बसू नये. एन गेजच्या छोट्या डिझेल इंजिनाची चासी घेऊन तिच्यावर छायाचित्रांवरून १:८७ ची पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिक शीटची बॉडी बसवावी. डब्यांचेही तसेच.

मार्चनंतर आपल्याकडे धूळ दारे-खिडक्या बंद असल्या तरी आत येते. लेआउटवर जुने सुती लुगडे झाकावे आणि गाडी चालवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले फडके रुळांच्या माथ्यावरून फिरवावे. सँडपेपर वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिकच धरतो. चाकेही त्याच फडक्याने पुसावीत.