व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला न्यूमोनिया: आयसीयूत या चुका टाळा

पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, मशीन चांगलं आहे ना?" आणि खरं सांगू का, नवीन ड्यूटीला आलेल्या मुलीसुद्धा अर्धा वेळ मशीनकडेच बघत असतात, अलार्म वाजला की धावतात, स्क्रीनवरचे आकडे पाठ असतात, पण पेशंटचं तोंड शेवटचं कधी उघडून बघितलं विचारलं की गप्प. मशीन बिचारं बहुतेक वेळा ठीकच असतं हो. न्यूमोनिया येतो तो तोंडाकडून. लाळ, दातांवरचा थर, पोटातून वर आलेलं फीड (नळीने दिलेलं अन्न) हे सगळं तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबच्या फुग्यावर, म्हणजे कफवर, साचून राहतं आणि फुग्याच्या सुरकुत्यांमधून थेंब थेंब खाली फुप्फुसात उतरतं. ट्यूब असताना धड खोकता येत नाही, गिळता येत नाही, वर सेडेशन, म्हणजे झोपेचं औषध, चालू, मग अडवणार कोण. व्हेंटिलेटर लागून ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो त्यालाच आम्ही व्हॅप म्हणतो.

मी इंदुरात बरीच वर्षं आयसीयूत आहे, घरी मराठी, वॉर्डात हिंदी, आणि सोबतच्या निम्म्या सिस्टर केरळच्या, पण चुका सगळ्यांच्या सारख्याच. माझ्याही.

सगळ्यात पहिली चूक बेडच्या कोनाची. चार्टवर दर तासाला "हेड अप ३० डिग्री" लिहिलेलं असतं, आणि पेशंट असतो जवळजवळ आडवा. एकदा नाइटला एक आजोबा होते, चार्टवर सुंदर अक्षरात ३० डिग्री, माझ्याच अक्षरात. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप उघडून फोन गादीच्या कडेला धरला तर १८. हाताने फिरवायची क्रँक होती, अंदाजाने फिरवलेली, त्यात आजोबा खाली घसरून पाय फुटबोर्डला टेकलेले, म्हणजे पाठ सपाट आणि नुसती मान वाकलेली. ३० ते ४५ डिग्री हे बेडने नाही, पेशंटच्या पाठीने करायचं असतं. दोघींनी मिळून त्यांना वर ओढायचं, कंबर बेडच्या घडीवर आणायची आणि गुडघ्याखाली थोडा उठाव द्यायचा म्हणजे परत घसरत नाहीत. १९९९ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी ८६ पेशंटवर हे करून बघितलं होतं, अर्धवट बसवलेल्यांत न्यूमोनियाची शंका आली ८ टक्क्यांत आणि आडवं झोपवलेल्यांत ३४ टक्क्यांत. पुढे नेदरलँड्समध्ये ४५ डिग्रीचं टार्गेट ठेवून बघितलं तर मोजल्यावर सरासरी ३० च्याही खालीच निघाली, म्हणजे तिकडेही आपलीच रड. चादर बदलताना, एक्सरेची प्लेट घालताना, सीटीला नेताना पेशंट सपाट होतो, तेव्हा आधी फीड थांबवा आणि काम झालं की बेड वर करायला विसरू नका, कारण विसरलं जातं ते तिथेच. मणक्याला मार असेल तर पाठ वाकवता येत नाही, मग आख्खा बेडच डोक्याकडून वर तिरका करायचा, पण डॉक्टरांना विचारून.

आता कफ. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा लांबेल. फुग्यातलं प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतकं पाहिजे, २० च्या खाली गेलं की वरची घाण खाली उतरते, ३० च्या वर गेलं की श्वासनलिकेच्या अस्तराला रक्त पोचत नाही आणि तिथे जखम होते. आणि आपण काय करतो, तर कफला जोडलेला, बाहेर लोंबणारा छोटा बलून दोन बोटांत दाबून "हो, टाइट आहे" म्हणतो. बोटाला काही कळत नाही, डोळे मिटून पैज लावा, मी लावून हरले आहे! कफ मॅनोमीटर, म्हणजे हे प्रेशर मोजायचं यंत्र, असतो त्याच्यासाठी, आणि आमच्याकडे तो बरेच महिने कपाटात कुलूपबंद होता, हरवेल म्हणून, किल्ली डे शिफ्टकडे. दर शिफ्टला एकदा, आणि पेशंट वळवल्यावर किंवा ट्यूब हलवल्यावर पुन्हा मोजायचं. अजून एक बारकी गोष्ट, मॅनोमीटर जोडताना आणि काढताना थोडी हवा निसटते, म्हणून काटा २० वर दिसला की समाधान मानून काढून टाकू नका, २५ च्या आसपास ठेवून मगच काढा. कफ वारंवार ढिला पडत असेल तर नुसती हवा भरत बसू नका, बलूनचा व्हॉल्व्ह गळतोय का, ट्यूब वर सरकली आहे का, ओठांपाशी किती सेंटिमीटरवर होती आणि आता किती आहे ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. आणि कफची हवा काढायची वेळ आलीच तर आधी तोंड आणि घसा सक्शन करून, म्हणजे नळीने ओढून, साफ करून घ्या, नाहीतर वर साठलेलं सगळं तळं एका झटक्यात खाली. कफच्या वर साचलेलं ओढायची वेगळी नळी असलेल्या ट्यूब मिळतात, महाग आहेत, पण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लागणार असं दिसत असेल तर पैसे वाया जात नाहीत. फक्त ती नळी जोडा तरी! लावलेली असते आणि टोपण तसंच बंद.

तोंडाची सफाई म्हणजे कापसाचा बोळा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात बुडवून ओठांवरून फिरवणं, असं आम्हीही शिकलो होतो. २०२२ च्या अमेरिकन गाइडलाइनने क्लोरहेक्सिडीन बाजूला केलं, फायदा नीट सिद्ध होत नाही आणि मृत्यू वाढत असावेत अशी शंका आहे म्हणून, आणि त्याऐवजी साधं ब्रशने दात घासायला सांगितलं. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, एका हाताने ट्यूब धरा, दुसऱ्या सिस्टरने सक्शन धरावं, दात, हिरड्या, जीभ, आणि ट्यूब ज्या बाजूला आहे तिकडचे आतले दातही, तिथेच सगळा थर जमलेला असतो. २०१७ पासून सलग काही वर्षं आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं म्हणून आपण छाती फुगवतो, पण पेशंटच्या दाढांचा सर्व्हे कुणी केला तर आपलं काही खरं नाही.

व्हेंटिलेटरचं सर्किट, म्हणजे पाइप, दर दोन-तीन दिवसांनी बदलायची गरज नाही, घाण दिसली किंवा बिघडलं तरच बदला, उगाच उघडाउघड करू नका. पाइपमधलं पाणी मात्र बघा, थंडीत आणि त्यात एसी फुल असला की हीटेड ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा गरम-ओली करणाऱ्या यंत्राच्या, पाइपात खूप पाणी धरतं. पेशंटला कुशीवर वळवण्याआधी ते ट्रॅपमध्ये काढून टाका, पाइप उचलून पेशंटच्या बाजूला उलटा केला की ते सरळ छातीत जातं. आणि एचएमई फिल्टर (पेशंटच्याच श्वासातली ओल धरून परत देणारा) आणि ह्युमिडिफायर दोन्ही एकदम लावू नका, फिल्टर ओला होऊन चोंदतो, प्रेशरचा अलार्म वाजतो आणि सगळे ट्यूबमध्ये चिकट स्राव अडकला म्हणून सक्शन करत बसतात.

सक्शनचं थोडक्यात, घड्याळ बघून दर दोन तासांनी नाही तर गरज असेल तेव्हा, १५ सेकंदांच्या आत, आठ नंबरच्या ट्यूबला १२ चं कॅथेटर, म्हणजे ओढायची बारीक नळी. दरवेळी आधी ट्यूबमध्ये सलाइन टाकायची सवय सोडा. तोंडात घातलेलं कॅथेटर ट्यूबमध्ये अजिबात नाही, उलट क्रम चालेल. हात धुण्याबद्दल काय लिहू, सॅनिटायझरची बाटली बेडला लटकवलेली असते आणि तरी ग्लोव्हज तेच घालून माणूस पाच नंबरवरून सहावर जातो.

एक चूक आमच्या हातात अर्धीच आहे, ती म्हणजे सेडेशन. पेशंट शांत झोपला की रात्र बरी जाते, म्हणून मिडाझोलमचा, म्हणजे झोपेच्या औषधाचा, पंप कुणी कमी करत नाही. पण ट्यूब जितके दिवस आत तितका धोका. २००० साली शिकागोच्या स्टडीत रोज सकाळी सेडेशन थांबवून पेशंटला जागं केलं तर व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. म्हणून राउंडला डॉक्टरांनी नाही विचारलं तर आपण विचारायचं, सर आज बंद करून बघायचं का, स्वतःचा श्वास घ्यायची ट्रायल द्यायची का. एखाददोघे चिडतात. विचारायचं तरी.

आणि इतकं करूनही ताप आला, स्राव पिवळा झाला तर? लगेच जास्त ताकदीचं अँटिबायोटिक चढवायची घाई नको. ट्यूबच्या स्रावात अ‍ॅसिनेटोबॅक्टर किंवा क्लेबसिएलासारखा जंतू उगवला म्हणजे न्यूमोनिया झालाच असं नसतं, ट्यूबच्या आत थर करून ते राहतातच. ऑक्सिजन वाढवावा लागतोय का, एक्सरेत नवीन डाग आहे का, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट वाढले का, हे सगळं जुळलं तर डॉक्टर ठरवतील. आपण कल्चरचं सॅंपल अँटिबायोटिक चालू व्हायच्या आधी पाठवायचं, नंतर पाठवलेल्याचा भरवसा कमी.

नातेवाइकांचं एक राहिलं. भेटायच्या वेळेत आत आलेली काकू पदराआडून छोटी बाटली काढते, ओंकारेश्वरहून आणलेलं नर्मदेचं पाणी, आणि पाठ फिरली की दोन थेंब ओठांत. ते थेंब पोटात जात नाहीत हो, कफवर जाऊन बसतात. पूर्वी मी ओरडायचे, मग बाटली अजून लपवून यायची. आता मीच आधी विचारते, "काकू, पाणी आणलंय का?" आणि बोट बुडवून कपाळाला लावायला देते.